मानदुखी आणि घरचे व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानदुखीचे पेशंट फिजिओथेरपिस्टला जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. काही प्रश्न तपासणीच्या टेबलावर विचारले जातात, काही निघताना चप्पल घालता घालता. दुसऱ्या प्रकारचे बहुधा जास्त महत्त्वाचे असतात. हाताची ताकद कमी झाली असेल, चालताना तोल जात असेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर आधी "डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?" हा प्रश्न वाचा. व्यायाम नंतर.

रात्री मान ठीक होती, सकाळी उठलो तर एका बाजूला वळेचना. काय झालं?

मान अवघडली, आखडली, धरली, लचक भरली. घराघरात शब्द वेगळे, प्रकार एकच. मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. त्यातला एखादा सांधा किंवा शेजारचा स्नायू चिडतो आणि आजूबाजूचे स्नायू ती जागा हलू नये म्हणून घट्ट होतात. रात्रभर मान वाकडी राहिली, बसच्या खिडकीला डोकं टेकून झोप लागली, माळ्यावरचे डबे काढले, एवढंही पुरतं. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत पंखे पुसून अशी मान घेऊन येणारे बरेच असतात.

दोन-तीन दिवसांत मान बरीच सुटते, आठवडाभरात बहुतेकांचं दुखणं जातं. तोवर एवढं करा. उताणे झोपा, डोकं उशीवर टेकलेलंच ठेवा आणि ते उशीवरूनच सावकाश डावीकडे-उजवीकडे लोळवा. जिकडे सोपं जातं तिकडे आधी, मग दुखऱ्या बाजूला, दुखणं सुरू होईल तिथपर्यंतच. दहा वेळा. दर एक-दोन तासांनी पुन्हा. डोक्याचं वजन उशीने पेललेलं असल्यामुळे बसून जी मान वळत नाही ती झोपून वळते. कुणी "एक झटका देतो, मोकळी होईल" म्हणालं तर हात जोडा.

मानेत नेमकं दुखतं काय?

मानेत सात मणके असतात. वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे घडलेले. मान वळवताना जे वळण मिळतं त्यातलं जवळपास निम्मं या दोघांच्या जोडावर होतं. त्या दोघांमध्ये चकती (डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी) नसते, त्यांच्या खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये असते. मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात आणि त्यातल्या खालच्या हातात उतरतात. या सगळ्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं.

व्यायाम समजून करायचे तर तीन स्नायू माहीत हवेत. पहिला ट्रॅपेझियस : कवटीच्या मागून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला. दिवसाच्या शेवटी खांद्यावर दगड ठेवल्यासारखं वाटतं तो हा. दुसरा मानेच्या बाजूने खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, वरच्या आतल्या कोपऱ्याला येऊन चिकटतो. तिथे बोट दाबलं की माणूस डोळे मिटून म्हणतो, "हां, हीच ती गाठ." ही गाठ म्हणजे बहुतेक वेळा ताणलेल्या स्नायूचा हळवा भाग असतो, वेगळं काही उगवलेलं नसतं. तिसरे स्नायू मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना लागून असतात. ते हाताला लागत नाहीत. मान फार दिवस दुखली की हे खोल स्नायू कामचुकार होतात आणि वरवरच्या स्नायूंवर भार पडतो. जुन्या मानदुखीत खरी मेहनत यांच्यावर घ्यावी लागते.

बहुतेक मानदुखीत "हाच भाग बिघडला" असं एका जागी बोट ठेवता येत नाही. म्हणजे दुखणं खोटं आहे असं मुळीच नाही.

रिपोर्टमध्ये "गॅप कमी", "चकती फुगलेली", "मानेचा बाक गेलेला" असं लिहिलंय. आता आयुष्यभर जपूनच राहायचं का?

नाही. या एका गैरसमजाने माणसं दुखण्यापेक्षा जास्त खंगतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

जपानमध्ये मानेचा कुठलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचं एमआरआय काढलं गेलं. वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांपासून सत्तरीपर्यंतचे लोक त्यात होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठे ना कुठे चकती फुगलेली सापडली. दुखणं मात्र एकालाही नव्हतं. केस पिकतात, तशा चकत्याही वयानुसार सुकतात, बसतात, कडेला हाड थोडं वाढतं. रिपोर्ट ते इमानदारीने टिपतो. तुमची मान त्यामुळेच दुखतेय की नाही, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. ते तपासणीतून कळतं.

बाक गेल्याचं म्हणाल तर मान दुखत असताना स्नायू घट्ट असतात, त्यामुळे फोटोत ती सरळ दिसू शकते. काही लोकांची मान जन्मभर तशीच असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : "यात जे दिसतंय ते माझ्या त्रासाशी जुळतं का?" चकती डाव्या बाजूला फुगली असेल आणि दुखत उजवीकडे असेल, तर त्या चकतीला उगाच दोष देण्यात अर्थ नाही. धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआयची सहसा गरजच पडत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

पडणं, अपघात, डोक्यावर मार यानंतर मान दुखत असेल तर मान हलवून बघू नका, थेट रुग्णालयात जा. मानदुखीबरोबर जोराचा ताप, डोकेदुखी, उजेड सहन न होणं आणि हनुवटी छातीला न टेकणं, हे मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं. मानेत किंवा डोक्यात अचानक कधी नव्हे इतकी कळ आली आणि सोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला, तर एक मिनिटही घरी थांबू नका. मान-जबडा-डावा हात भरून येणं, घाम सुटणं, धाप लागणं हे हृदयाचं असू शकतं; त्यावर बाम चोळत बसू नये.

काही लक्षणं दबक्या पावलांनी येतात आणि म्हणूनच निसटतात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चपात्या लाटताना लाटणं निसटतं, अक्षर बिघडलंय, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही. हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं चिन्ह असू शकतं. अशा वेळी दुखणं फार नसतंही. घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात. असं करू नका, अस्थिरोग किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाला लवकर दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर मानेचं नवं दुखणं अंगावर काढू नये.

हातात मुंग्या येतात. नस दबलीय का?

शक्यता आहे. मानेतून निघणारी नस चिडली की दुखणं खवाट्यातून दंडात आणि पुढे बोटांत उतरतं. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर बहुधा सहावी नस, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. बऱ्याच जणांना तो हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. असे पेशंट प्रतीक्षेच्या खुर्चीत हात डोक्यावर ठेवूनच बसलेले असतात आणि अर्धं निदान तिथेच होतं. रात्री फक्त तळहात बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर अडचण मनगटात असू शकते, मानेत नाही.

नस दबण्याचा त्रास ऐकायला भयंकर वाटतो, पण बहुतेकांना तो काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होतो. फुगलेला चकतीचा भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकतं. मात्र हाताची ताकद कमी होत असेल तर वाट बघू नका. आणि पहिल्या दिवसांत मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवण्याचा हट्ट टाळा, त्या स्थितीत नसेची वाट अरुंद होते.

शेक घ्यायचा की बर्फ?

ज्याने बरं वाटेल ते. ताज्या लचकेवर पहिल्या दिवशी काहींना बर्फ आवडतो, आखडलेल्या मानेला बहुतेकांना शेक. नॅपकिनमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेलं फडकं, जाड मिठाची पुरचुंडी, काहीही चालतं, पंधरा-वीस मिनिटं. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी आधी दुसऱ्याला हात लावून बघायला सांगावं. पिशवीवर झोपून जाऊ नये. शेकाने स्नायू ढिला पडतो, पाठोपाठ व्यायाम केला तर तो फायदा कामी येतो.

मानेचा पट्टा घालू का?

साध्या मानदुखीत नको. फार तर एक-दोन दिवस, तेही प्रवासात. महिनोन्महिने पट्टा लावून फिरणाऱ्याची मान आतून ढिली पडते आणि पट्टा काढायची भीती वाटायला लागते, ते वेगळंच. डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी दिला असेल, जसं अपघात, शस्त्रक्रिया किंवा तीव्र नसेचा त्रास, तर त्यांनी सांगितलेली मुदत पाळा.

घरी कोणते व्यायाम करायचे?

सगळे सगळ्यांसाठी नाहीत. कुणी काय करायचं ते शेवटी सांगतो.

*हनुवटी आत.* खुर्चीत पाठ टेकून बसा. समोर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला काही तरी असू द्या, कॅलेंडर सगळ्यात सोयीचं. नजर तारखेवरून न हलवता डोकं सरळ मागे न्या. गळ्याला वळी पडली म्हणजे जमलं. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. चुका ठरलेल्या आहेत : लोक खाली बघतात, नाही तर हनुवटी वर उचलतात, आणि जवळपास सगळे श्वास धरून ठेवतात. नजर तारखेवरून घसरली तर समजा की डोकं मागे न जाता वाकलं.

*पडल्या पडल्या होकार.* उताणे झोपा, गुडघे वाकवून, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. डोकं न उचलता, "हो" म्हणताना हलते तेवढीच हनुवटी खाली आणा. दोन बोटं मानेच्या पुढच्या बाजूला ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारी जाड दोरी टणक झाली तर जोर जास्त लागला. ती मऊ राहायला हवी. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. बघणाऱ्याला वाटतं, हा काय व्यायाम! पण ते आतले कामचुकार स्नायू जागे होतात ते यानेच. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर जुन्या दुखण्यासाठी मी हा निवडेन.

*बाजूचा ताण.* उजवा हात मांडीखाली दाबून बसा, म्हणजे खांदा वर येणार नाही. डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवा. डावा हात डोक्यावर नुसता ठेवा, ओढू नका. हाताचं वजन पुरतं. वीस-तीस सेकंद, तीन वेळा, मग दुसरी बाजू. खवाट्याच्या कोपऱ्यातल्या गाठीसाठी यातच थोडा बदल करा : मान अर्धी वळवून नाक काखेकडे न्या.

*हाताचा विरोध.* तळहात कपाळावर. डोकं पुढे ढकला, हाताने अडवा; डोकं जागचं हलता कामा नये. पूर्ण ताकद नाही, पावपट जोर. पाच-सहा सेकंद, पाच वेळा. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. मान हलवली की दुखते अशा दिवसांत हा उपयोगी, कारण यात हालचालच नाही. रक्तदाब असलेल्यांनी मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही.

*खवाटे मागे.* दोन्ही खवाटे मागे आणि किंचित खाली खेचा, पाच सेकंद, दहा-पंधरा वेळा. हे जमलं की वजन आणा. एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या दोन हातांत घ्या, कोपरं किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, सावकाश खाली. डेन्मार्कमध्ये ऑफिसात बसून काम करणाऱ्या, मान-खांदे दुखणाऱ्या लोकांना रबरी पट्टा ओढून असेच हात उचलायला लावले. रोज फक्त दोन मिनिटं, दहा आठवडे. त्यांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं. "वेळ मिळत नाही" याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

*पाठ मोकळी.* टॉवेलची गुंडाळी करून खवाट्यांच्या खालच्या टोकांशी आडवी ठेवा आणि तिच्यावर दोन मिनिटं उताणे पडा. डोक्याखाली पातळ उशी असू द्या. छातीमागची पाठ ताठर असली की वळायचं सगळं काम मानेवर पडतं.

आता कुणी काय करायचं ते. ताजी लचक असेल तर उशीवर डोकं लोळवणं आणि तीन-चार दिवसांनी हाताचा विरोध, एवढंच. दिवसभर बसून दुखत असेल तर हनुवटी आत, खवाटे मागे आणि बाटल्या. वर्षानुवर्षांचं दुखणं असेल तर होकार आणि खवाटे मागे रोज, बाकीचे जमेल तसे. हातात मुंग्या असतील तर ताणाचे व्यायाम तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय नकोत.

व्यायाम करताना दुखतंय. थांबू का?

शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीसारखंच असलं, तर चालू ठेवा. सकाळी जास्त दुखत असेल तर संख्या निम्मी करा, व्यायाम सोडू नका. दुखणं मानेतून हातात उतरायला लागलं तर तो व्यायाम थांबवा. उलट हातातलं दुखणं वर सरकून मानेपाशी गोळा झालं तर ते चांगलं चिन्ह मानतात, मान थोडी जास्त दुखली तरी.

शाळेत पीटीच्या तासाला मान गोल फिरवायला शिकवायचे. ते?

निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, पण विशेष मिळतही नाही. वयस्कर माणसाला चक्कर येऊ शकते. पुढे-मागे, डावी-उजवी असं वेगवेगळं करावं.

मोबाइलमुळेच सगळं होतंय, हे खरं का?

अर्धं. डोकं ६० अंश खाली झुकवलं की मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, हे वाक्य तुम्ही चित्रासकट पाहिलं असेल. तो आकडा न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांच्या २०१४ मधल्या लेखातला. तो गणिती आकडेमोडीतून काढलेला आहे, माणसांच्या मानेवर मोजलेला नाही. भार वाढतो हे खरं, पण मान भार घेण्यासाठीच घडलेली आहे, आणि वाकून मोबाइल बघणाऱ्यांना हमखास जास्त दुखतं असं सगळ्या अभ्यासांतून दिसत नाही. मला दोषी वाटतो तो वेळ. एकाच स्थितीत तासभर गोठलेली मान दुखणार, मग ती वाकलेली असो की पोस्टरमधल्या माणसासारखी ताठ. विरार लोकलमध्ये दरवाजाजवळ उभं राहून चर्चगेटपर्यंत मालिका बघणाऱ्याने दर दोन स्टेशनांना मान वर करून बाहेर बघितलं तरी पुष्कळ.

लॅपटॉपवर आठ-नऊ तास काम आहे. बसायचं कसं?

लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले, हीच त्याची अडचण. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवा, पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत, आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्या. महागड्या खुर्चीपेक्षा हा खर्च आधी करावा. कोपरांना टेकू हवा, हात लोंबकळले की सगळं वजन ट्रॅपेझियसवर येतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. दोन नंबरांचा चष्मा लावून पडदा बघणारे नकळत हनुवटी वर करून बसतात. अर्ध्या तासाने उठा. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवली की उठावंच लागतं.

माझं काम घरातलं-शेतातलं. मला कुणी खुर्चीचं सांगून उपयोग नाही.

बरोबर आहे, आणि मानदुखीवरचे बहुतेक लेख तुम्हाला विसरूनच लिहिलेले असतात. ओटा फार खाली असेल तर पोळपाटाखाली जाड पाट ठेवा. निवडणं-चिरणं सलग एका बैठकीत न करता मध्ये उभ्याचं काम घाला. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांनी उजेड सुईवर पाडावा; कमी उजेडात मान आपोआप खाली जाते. बॉबिन संपली की ती भरण्याआधी दोनदा हनुवटी आत, दोनदा खवाटे मागे. हा नियम लक्षात राहतो, कारण बॉबिनच आठवण करून देते.

फवारणीचा पंप पाठीवर घेताना दोन्ही पट्टे सारखे आवळा आणि पंप जमिनीवरून नाही, बांधावरून किंवा ओट्यावरून पाठीवर घ्या. डोक्यावर हंडा किंवा पाटी वाहणाऱ्यांची मान दणकट होते हे खरं आहे; पण मान दुखत असताना, हाताला मुंग्या असताना डोक्यावर वजन नको, कमरेवर किंवा दोन हातांत वाटून घ्या.

गाडीवरून रोज खड्ड्यातून जातो. हेल्मेटमुळे मान दुखते का?

मापाचं, प्रमाणित हेल्मेट मानेला जड होत नाही. ढिलं हेल्मेट प्रत्येक खड्ड्याला मागे-पुढे हलतं आणि ते सावरायला मान आवळली जाते. मान दुखते म्हणून हेल्मेट सोडणं हा सौदा फार महागात पडेल. टायरमधली हवा आणि शॉकअब मात्र तपासा. सॅक एका खांद्यावर लटकवू नका.

उशी कोणती चांगली?

जाहिरातीतली नाही, मापातली. कुशीवर झोपणाऱ्याला कान आणि गादी यांच्यामधली खांद्याइतकी जागा भरून काढणारी उशी लागते. उताणे झोपणाऱ्याला त्यापेक्षा पातळ. घरच्यांना मागून एक फोटो काढायला सांगा. कुशीवर असताना डोकं आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसला की उशी बरोबर. कापसाच्या उशीचे गोळे झाले असतील तर ती पिंजून घ्या. पालथं झोपल्याने मान रात्रभर पूर्ण वळलेली राहते. सवय सुटत नसेल तर पोटाशी एक उशी धरून कुशीवर यायचा प्रयत्न करा.

"स्पॉन्डिलायटिसमुळे चक्कर येते" म्हणतात. व्यायामाने जाईल का?

आपल्याकडे चक्कर आली की लगेच मानेचा एक्स-रे निघतो, आणि पन्नाशीनंतर एक्स-रेत काही ना काही सापडतंच. मग दोन्ही गोष्टींचं लग्न लावून टाकलं जातं. अंथरुणात कूस बदलताना, वर बघताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर बहुधा दोष आतल्या कानातल्या कणांचा असतो. डोकं ठरावीक क्रमाने वळवून तो पुष्कळदा एक-दोन बैठकींतच जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा त्याचं शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट ते करतात. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघा. मानेमुळे चक्कर येते, पण क्वचित, आणि बाकीची कारणं तपासून झाल्यावरच तसं म्हणावं.

न्हाव्याकडे मान मोडून घेतली की फार हलकं वाटतं. चालेल?

नका घेऊ. तो कट्ट आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो. त्याने थोडा वेळ मोकळं वाटतं हे खरं. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. अचानक पिळलेल्या मानेत त्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असं क्वचित होतं, पण दाढी-कटिंगसोबत फुकटात मिळणाऱ्या सुखासाठी तेवढी जोखीमही कशाला? डोक्याला चंपी करून घ्या, मानेला हात लावू देऊ नका. मान हलवताना आपोआप येणारी कुरकुर मात्र निरुपद्रवी आहे.

तेल, बाम, गोळ्या?

कोमट तिळाच्या तेलाने हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, जरूर चोळा. मणक्यावर अंगठ्याने जोर नको. बामाने त्वचेला ऊब मिळते, एवढंच त्याचं काम. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच आणून आठवडेच्या आठवडे घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही भरडली जातात. रक्तदाब, मधुमेह, आम्लपित्त असलेल्यांनी विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. जत्रेत किंवा ओळखीतून मिळालेली, लेबल नसलेली पुडी घेतली आणि दोन दिवसांत चमत्कार झाला, तर सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

योगासनं चालू ठेवू?

भुजंगासन अर्धं, मार्जारासन, ताडासन, श्वासाचे प्रकार चालतात. दुखणं असेतोवर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बंद. त्यात शरीराचं वजन मानेवर येतं. सूर्यनमस्कार मान मागे न टाकता घाला.

ऑनलाइन मिळणारं मान ओढायचं यंत्र घेऊ का?

दारावर लटकवायचे आणि हवा भरायचे दोन्ही प्रकार मिळतात. नस दबलेल्या काही जणांना ओढ दिल्याने आराम पडतो, पण किती वजन, कोणत्या कोनात, किती मिनिटं हे तपासून ठरवायचं असतं. संधिवात, हाडांची झीज, मज्जारज्जूचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं आहे. आपणहून नको.

टेन्शन आलं की मान दुखते, हा माझ्या मनाचा खेळ आहे का?

मनाचा नाही, शरीराचाच. परीक्षा, हप्ते, घरातलं आजारपण या काळात खांदे नकळत कानाकडे चढलेले राहतात, झोप तुटते, आणि झोप कमी झाली की तेच दुखणं जास्त जाणवतं. आत्ता, हे वाचताना, खांदे कुठे आहेत बघा. रोज अर्धा तास चालणं मानेच्या कुठल्याही व्यायामाइतकं कामाचं आहे. हात हलते ठेवून, मोबाइल खिशात.

किती दिवसांत बरं वाटेल?

ताजं दुखणं काही दिवस ते काही आठवडे. जुन्या दुखण्यात रोज व्यायाम केला तर सहा ते बारा आठवड्यांत फरक दिसावा. पहिल्या पंधरवड्यात बरेच लोक "काही होत नाही" म्हणून सोडतात. स्नायूला ताकद यायला त्याहून जास्त वेळ लागतो. मानदुखी पुन्हा उद्भवते, पुष्कळांना उद्भवते. तेव्हा घाबरून नवा एमआरआय काढण्याआधी जुने व्यायाम पुन्हा सुरू करून बघा.

फिजिओथेरपिस्टकडे गेलं पाहिजे का? चांगला कसा ओळखायचा?

दोन-तीन आठवडे घरी करून फरक नसेल, हाताला त्रास असेल किंवा व्यायाम बरोबर होतोय का अशी शंका असेल, तर जा. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. "हाडवैद्य", "मसाज एक्स्पर्ट" हे वेगळे. पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला मान सगळ्या दिशांनी हलवायला लावली, हाताची ताकद आणि बोटांची जाणीव तपासली, काम काय करता ते विचारलं, तर माणूस योग्य आहे. नुसतं मशीन लावून पेपर वाचत बसवलं आणि दहा दिवसांचं पॅकेज हातात दिलं, तर दुसरीकडे जा. विद्युत शेकाच्या मशीनने तात्पुरतं बरं वाटतं, पण व्यायाम न शिकवता फक्त मशीन लावणं म्हणजे अर्धाच उपचार.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि तुमच्या कामाच्या जागेचा बाजूने काढलेला एक फोटो घेऊन जा. गळ्याशी मोकळा, मागे खवाटे दिसतील असा सदरा किंवा कुर्ता घाला.